अजान दिल्यावर बाळ लगेच परत देऊ नका

मागच्या डिसेंबरात माझी मुलगी जन्मली. दिवस भरायला अजून सहा आठवडे होते. बायकोचं बीपी अचानक वर गेलं, संध्याकाळी सात वाजता डॉक्टरांनी सिझरचा निर्णय घेतला आणि साडेआठला एका सिस्टरनं हिरव्या कापडात गुंडाळलेलं १ किलो ७४० ग्रॅमचं बाळ माझ्यासमोर धरलं. म्हणाल्या, "अजान द्यायची असेल तर लवकर द्या, पेटीत ठेवायचंय." मी उजव्या कानात अजान दिली, डाव्या कानात इकामत म्हटली. आवाज कापत होता. सिस्टर बाळ घेऊन आत गेल्या, दार लागलं. सगळं मिळून दोन मिनिटं झाली असतील. त्या दोन मिनिटांत माझा हात कापडाला लागला, बाळाच्या अंगाला नाही.

पुढचे तीन दिवस मी मुलीला काचेतून पाहिलं. संध्याकाळी पाच ते सव्वापाच, तेही नातेवाईकांच्या रांगेत उभं राहून. बायको खालच्या मजल्यावर होती, बीपी उतरत नव्हतं, तिला उठायची परवानगी नव्हती. म्हणजे तीन दिवस त्या बाळाला आईनं धरलं नाही आणि बापानंही नाही. ग्लोव्ह्ज घातलेले हात, सुया आणि चिकटपट्ट्या एवढाच काय तो स्पर्श. दवाखान्याचा नियमच तसा होता, "वडिलांना आत प्रवेश नाही." का नाही, हे विचारायचं मला सुचलंही नाही. मी अभियंता माणूस, ऑफिसात दहा वेळा 'का' विचारतो. तिथे मात्र गप्प उभा राहिलो.

चौथ्या दिवशी रात्रपाळीच्या एका वयस्कर सिस्टरनं मला बोलावलं. "आईला वर येता येत नाही. कांगारू तुम्ही देता का?"

"मी?"

"का, तुम्हाला छाती नाही?"

त्यांनी मला कोपरापर्यंत हात धुवायला लावले, अंगठी आणि घड्याळ काढायला लावलं, शर्ट उतरवून समोरून उघडा राहणारा गाऊन दिला आणि मागे रेलता येईल अशा खुर्चीत बसवलं. मग फक्त लंगोट, टोपी आणि मोजे घातलेली मुलगी माझ्या उघड्या छातीवर उभी ठेवली. डोकं एका बाजूला वळवलेलं, हनुवटी किंचित वर म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते. हातपाय बेडकासारखे दुमडलेले. वरून एक मऊ कापड घट्ट बांधलं. "आता हलू नका. कमीत कमी एक तास."

माझा पेशा मॉनिटरवरचे आकडे बघण्याचा. सर्व्हर नीट चाललाय की नाही, हे मी दिवसभर रेषांवरून ओळखतो. त्या तासात माझी नजर तिच्या मॉनिटरवरून हलली नाही. सुरुवातीला हृदयाचे ठोके १६५ च्या आसपास होते. वीस मिनिटांनी १४५ वर आले आणि तिथेच राहिले. ऑक्सिजनचा आकडा सारखा खाली-वर होत होता, तोही स्थिरावला. एका बाळाच्या एका तासाच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढायचा नसतो एवढं मला कळतं. म्हणून घरी जाऊन वाचायला बसलो. जे सापडलं, ते आपल्या वयाच्या प्रत्येक मुलानं लग्नाआधीच वाचलेलं असावं असं मला वाटतं.

ही पद्धत गरिबीतून आली आहे. १९७८ साली कोलंबिया देशाच्या बोगोटा शहरातल्या एका सरकारी प्रसूती रुग्णालयात पेट्या कमी आणि बाळं जास्त होती. एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळं ठेवावी लागत. एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला होई, बाळं दगावत. तिथले डॉक्टर एदगार रे सानाब्रिया यांनी बाळं आईच्या छातीवर बांधायला सुरुवात केली. कांगारूचं पिल्लू अपुरं जन्मतं आणि आईच्या पिशवीत वाढतं, त्यावरून नाव पडलं. पुढे अनेकांना वाटलं की हा गरीब देशांचा तात्पुरता जुगाड आहे, पैसे आले की पेट्या घ्यायच्या. तसं झालं नाही. ज्यांच्याकडे पेट्यांची कमतरता नाही, त्या स्वीडनसारख्या देशांनीही ही पद्धत उचलली.

आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या २०६ बाळांवर अभ्यास केला, तो २००८ मध्ये छापून आला. कांगारू पद्धतीनं वाढवलेल्या बाळांचं वजन रोज सरासरी २४ ग्रॅमनं वाढलं, नेहमीच्या पद्धतीनं ठेवलेल्यांचं साडेपंधरा ग्रॅमनं. अंग गार पडण्याचं आणि रक्तातली साखर उतरण्याचं प्रमाणही कमी झालं. ज्यांच्या घरी रोज सकाळी वजनाचा काटा हाच मोठा प्रश्न असतो, त्यांना विचारा साडेआठ ग्रॅमचा फरक म्हणजे काय ते.

यापेक्षा मोठा अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेचा. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतली पाच रुग्णालयं, त्यात आपलं दिल्लीचं सफदरजंग. १ किलो ते १.८ किलोच्या आतली ३२११ बाळं. आधी पद्धत अशी होती की बाळ स्थिर झालं की मग कांगारू द्यायचं. इथे अर्ध्या बाळांना जन्मल्यापासून शक्य तितक्या लवकर छातीवर घेतलं. २८ दिवसांच्या आत मृत्यूचं प्रमाण जुन्या पद्धतीत १५.७ टक्के होतं, नव्या पद्धतीत १२ टक्के. फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. दुसऱ्या गटाला या उपचारापासून वंचित ठेवणं योग्य नव्हतं. निष्कर्ष २०२१ मध्ये आले आणि २०२२ मध्ये संघटनेनं शिफारस बदलली. अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला जन्मल्याबरोबर कांगारू सुरू करा, दिवसातून ८ ते २४ तास द्या.

आता याच अभ्यासातला एक आकडा बघा, तो बातम्यांमध्ये फारसा आला नाही. ज्या गटातली बाळं जास्त जगली, त्यांना अतिदक्षता विभागात दिवसाला सुमारे १७ तास छातीवर धरलं होतं. दुसऱ्या गटात दीड तास. हा स्पर्श औषधासारखा आहे, त्याचा डोस तासांत मोजायचा. गालाला हात लावून दुआ देणं चांगलंच आहे, पण तो डोस नव्हे.

सतरा तास! आता पोटावर टाके असलेली, रात्री दर दोन तासांनी दूध पाजणारी किंवा काढून देणारी, बीपीच्या गोळ्या घेणारी बाई एकटीनं सतरा तास कसे देणार? त्या अभ्यासातही आईनं एकटीनं दिले नाहीत. आई नसेल तेव्हा घरातलं दुसरं माणूस बाळाला धरत होतं. भारत सरकारची २०१४ ची मार्गदर्शक सूचनाही हेच सांगते, आईला जमत नसेल तेव्हा वडील किंवा घरातलं कुणीही निरोगी माणूस कांगारू देऊ शकतं. २००७ साली स्वीडनमधल्या एका अभ्यासात सिझरनंतर काही बाळं पाळण्यात ठेवली आणि काही बापाच्या छातीवर. बापाकडची बाळं लवकर रडायची थांबली आणि लवकर शांत झोपली. बाळाला ऊब लागते, ठोक्याचा आवाज लागतो, श्वासाचं वर-खाली होणं लागतं. दूध सोडलं तर यातलं सगळं बापाकडेही आहे.

हे चालतं कसं, ते थोडक्यात सांगतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या कातडीखाली चरबी नसते आणि वजनाच्या मानानं अंगाचा पृष्ठभाग मोठा असतो, त्यामुळे त्याची उष्णता भराभर उडून जाते. बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांत राहायला हवं. ते खाली गेलं की बाळ आपली सगळी ताकद अंग गरम ठेवण्यात खर्च करतं, मग वाढायला आणि श्वास घ्यायला काही उरत नाही. नागपूरच्या डिसेंबरात पहाटे पारा १० च्या आसपास येतो, हे लक्षात ठेवा. छातीवरच्या बाळाला ऊब सलग मिळते. शिवाय दवाखान्यातल्या जंतूंऐवजी घरच्या माणसाच्या अंगावरचे ओळखीचे जंतू मिळतात. आईच्या छातीवर असलं तर दूध लवकर उतरतं आणि जास्त दिवस टिकतं.

नवजात बाळाला ऊब, आईचं दूध आणि वेळेवर लक्ष मिळालं तर काय होतं, हे आपल्याच विदर्भानं जगाला दाखवलं आहे. नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकलेल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावच्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्यांनी घरोघरी जाऊन बाळाचं वजन, तापमान, श्वास आणि दूध पिणं बघितलं, गरज पडली तेव्हा जंतुसंसर्गावर इंजेक्शन दिलं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूचं प्रमाण शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झालं. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताई त्याच धर्तीवर बाळाच्या घरी जातात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ४२ दिवसांत सहा वेळा. तुमच्या मोहल्ल्यातल्या आशाताई आल्या की त्यांना दारातून परत पाठवू नका. आमच्याकडे आल्या तेव्हा आमच्या अम्मीनं "बच्ची झोपलीये" म्हणून दोनदा परत पाठवलं होतं.

आता आपल्या घराकडे येतो.

आपल्यात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. नवरा दवाखान्यात येतो, अजान देतो, मिठाई वाटतो आणि परत जातो. चाळीस दिवस संपल्यावर, कधी तीन महिन्यांनी, बायको-मूल घरी येतात. मधल्या काळात तो रविवारी पाहुण्यासारखा येऊन बसतो. सासूबाई बाळ कापडात गुंडाळून आणतात, तो पाच मिनिटं मांडीवर घेतो, बाळ रडलं की परत देतो. मग आपणच म्हणतो, "पुरुषांना जमत नाही." कसं जमेल? जमायला तास लागतात आणि ते तास त्याला कुणी दिलेच नाहीत. सासरी जाऊन पंधरा दिवस राहावं तर लोक घरजावई म्हणतील, याची त्याला भीती. बायकोच्या माहेरच्यांनाही जावई घरात असला की त्याच्या जेवणाखाण्याचं, पडद्याचं ओझं वाटतं. ही अडचण खरी आहे. पण ती मोठ्या माणसांची अडचण आहे आणि तिची किंमत बाळ मोजतं.

माझी मुलगी अकराव्या दिवशी घरी आली. मी आतल्या खोलीत शर्ट काढून, तिला छातीवर बांधून, वरून शाल घेऊन बसलो तर अम्मी दारातच थबकली. "माणसाचं काम आहे का हे? कुणी आलं तर काय म्हणेल, उघडा बसलाय पोरीला घेऊन!" मी म्हटलं, "अम्मी, डॉक्टरांनी सांगितलंय." हे खोटं होतं, सांगितलं होतं ते सिस्टरनं. पण आपल्या घरांत डॉक्टरांचं नाव घेतल्याशिवाय काही हलत नाही.

ज्यांना धर्माचा आधार हवा, त्यांच्यासाठी एक हदीस पुरेशी आहे. पैगंबरसाहेब आपला नातू हसन याचा मुका घेत होते. ते बघून अकरा बिन हाबिस नावाचा सरदार अभिमानानं म्हणाला की मला दहा मुलं आहेत, मी आजवर एकाचाही मुका घेतलेला नाही. पैगंबरसाहेबांनी त्याला शाबासकी दिली नाही, दयेची आठवण करून दिली. आपल्या मोहल्ल्यात आजही अकरा बिन हाबिस खूप आहेत. आमचे अब्बा त्यांतलेच. एसटीत तीस वर्षं वाहक होते, मुक्कामी ड्युट्या केल्या. लहानपणी त्यांनी मला कडेवर घेतल्याचं मला आठवत नाही. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या बापानं त्यांना घेतलं नव्हतं.

तर अब्बा पहिले दोन आठवडे लांबून बघत राहिले. "मला नाही जमत, पडली-बिडली तर?" तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी बायको झोपली होती, मला ऑफिसचा कॉल होता आणि अम्मी बाजारात गेली होती. अब्बांनी काही न बोलता हात धुतले आणि शर्टाची बटणं काढली. त्या दिवसापासून दुपारची दोन ते चार ही पाळी त्यांची झाली. रेडिओ बारीक आवाजात लावून बसायचे. नंतर अम्मीचीच तक्रार सुरू झाली, "माझी पाळी कधी?"

कामाचं म्हणाल तर माझं बरं चाललं. कंपनीनं पाच दिवसांची सुट्टी दिली आणि नंतर घरून काम. सकाळच्या मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून, पोरीला छातीला बांधून मी कोड बघायचो. मॅनेजरनं एकदा विचारलं, "डिलिव्हरी तर झाली, आता तुझं काय काम?" त्याला स्वतःला दोन मुलं आहेत. कायद्यातही हाच प्रश्न लपलेला आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ ला दुरुस्ती झाली, नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळाली. चांगलं झालं. केंद्र सरकारी नोकर असलेल्या बापाला १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीतल्या बापाला मिळतं ते कंपनीच्या मर्जीवर. म्हणजे कायदाही सांगतो की बाळ हे बाईचं काम आहे.

पण रजेची गोष्ट आपल्यातल्या थोड्यांनाच लागू पडते. मोमिनपुऱ्यात, हसनबागेत, ताजबागच्या गल्ल्यांत बहुतेक बाप रोजच्या कमाईवर जगतात. ऑटो चालवतात, गॅरेजमध्ये काम करतात, हातगाडीवर फळं विकतात, वेल्डिंग करतात. त्यांना रजा कोण देणार? गाडी निघाली नाही तर त्या दिवशी चूल नाही. इथे माझं म्हणणं काहींना खटकेल, पण बोलतोच. तोच बाप अकीक्यासाठी कर्ज काढतो. बकरा, मंडप, दीडशे माणसांची दावत. अकीका ऐपतीप्रमाणे करायचा असतो, तो नंतरही करता येतो, आणि दीडशे माणसांची दावत तर कुठेच सांगितलेली नाही. त्या दावतीत जो पैसा जातो, त्यात एका ऑटोवाल्याची पंधरा-वीस दिवसांची कमाई सहज निघते. म्हणजे तो पंधरा दिवस घरी बसू शकतो. आपल्या मोहल्ला कमिट्या लग्नात गरीब मुलींना भांडी देतात. कमी वजनाच्या बाळाच्या बापाला दोन आठवड्यांचा रोज दिला तर? चंदा तोच, यादी तीच. मला यात अशक्य काही दिसत नाही.

दुसरा अडसर दवाखान्याचं दार. नागपूरच्या कुठल्याही मोठ्या सरकारी दवाखान्याच्या आवारात जा. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, शिवनी, बालाघाटहून आलेले बाप डबा आणि पिशवी घेऊन बाहेर बसलेले दिसतील. त्यांच्याकडे वेळ आहे, छाती आहे, काळजी आहे. आत बाळ पेटीत आहे. सगळे दवाखाने त्यांना आत घेत नाहीत असं नाही, काही घेतात. केंद्र सरकारनं २०१७ मध्येच सूचना काढली आहे की नवजात विभागात आई-वडिलांना शिकवून बाळाच्या देखभालीत सामील करून घ्यावं. हात धुणं, गाऊन घालणं, जंतुसंसर्गाचे नियम पाळणं हे सगळं त्यात आलं. म्हणजे आत जायला विचारणारा बाप उपकार मागत नाही. मी तीन दिवस विचारलं नाही. तुम्ही पहिल्या दिवशी विचारा. "कांगारू केअर देता येईल का? मी देतो," एवढंच वाक्य. बाळाची तब्येत फार नाजूक असेल तर डॉक्टर थांबायला सांगतील, मग थांबा. पण "वडिलांना प्रवेश नाही" हे काही वैद्यकीय कारण नाही.

घरी आल्यावर पुढचा प्रश्न मालिशचा. इथे मी दोन्ही बाजूंशी भांडलो. डॉक्टर मंडळी मालिशवालीकडे नाक मुरडून बघतात. आमच्याकडे येणाऱ्या खालांचे हात मात्र बघण्यासारखे होते. आधी स्वतःचे हात चोळून गरम करायच्या, मग पायांपासून सुरुवात. स्पर्शाबद्दल विज्ञान जे म्हणतं, ते त्यांना न वाचता ठाऊक होतं. आपल्या त्वचेत काही मज्जातंतू असे असतात की ते हळू, उबदार हात फिरवण्यालाच सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात, साधारण सेकंदाला तीन सेंटिमीटर या वेगाला. घाईघाईनं घासलं की त्यांना काही कळत नाही. आणि अगदी हलक्या गुदगुल्यांपेक्षा थोडा दाब असलेल्या मालिशनं अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वजन चांगलं वाढतं, हेही अभ्यासांत दिसलं आहे.

पण खाला नाकही ओढायच्या, ते सरळ व्हावं म्हणून. कानात, नाकात तेल टाकायच्या. बाळाची छाती पिळून 'दूध' काढायला निघाल्या, तेव्हा मी हात धरला. यातलं काहीही करू नये. कानात आणि नाकात तेल गेलं तर संसर्ग होतो, ते श्वासात गेलं तर फुप्फुसात उतरतं. छाती पिळल्यानं गळू होतं. सुरम्यात शिसं असू शकतं, ते बाळाच्या मेंदूला विष आहे. लोबानच्या धुरीचं तेच, ज्या फुप्फुसांनी आत्ता कुठे श्वास घ्यायला सुरुवात केली, त्यांना धूर कशाला?

तेलावरून तर आमच्या घरी दोन पक्ष पडले. बायकोच्या आजोळची माणसं मूळची उत्तरेकडची, त्यांचं सरसूचं तेल. आमचं खोबरेल. मुंबईच्या सायन रुग्णालयात २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोबरेल तेलानं मालिश केलेल्या बाळांचं वजन जास्त वेगानं वाढलेलं दिसलं. सरसूच्या तेलानं उंदरांच्या त्वचेचं संरक्षक आवरण भरून यायला उशीर झाल्याचं एका प्रयोगात आढळलं. खोबरेल जिंकलं. अर्थात, दोन किलोच्या आतल्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय मालिश करू नये. त्याच्यासाठी छाती पुरते. आमची मालिश वजन सव्वादोन किलो झाल्यावर, डॉक्टरांच्या परवानगीनं सुरू झाली. पहिला आठवडा खालांनी केली, नंतर मी शिकलो. सकाळी ऑफिसच्या आधी पंधरा मिनिटं. दूध पिऊन अर्धा-पाऊण तास झालेला असावा, खोली गार नसावी, बाळ रडायला लागलं की थांबायचं. तिला आवडतंय की नाही, हे तिच्या बोटांवरून कळतं. आवडलं की मूठ उघडते.

एक गोष्ट नागपूरकर पोरांसाठी खास. खर्रा घोटलेल्या हातांनी बाळाला हात लावायचा नाही, बिडी-सिगारेट ओढून त्याच्याजवळ जायचं नाही. तंबाखूचा धूर कपड्यांत आणि श्वासात बराच वेळ राहतो. आमच्या शेजारच्या एका मुलानं बायको बाळंत झाल्यावर चाळीस दिवस खर्रा सोडला. एक्केचाळिसाव्या दिवशी परत सुरू केला, पण चाळीस दिवस सोडला! आणि बाळ छातीवर घेऊन सोफ्यावर झोपू नका. डोळा लागतोय असं वाटलं की बाळ दुसऱ्याकडे द्या किंवा पाठीवर, सपाट बिछान्यावर झोपवा. हे मी एकदा चुकवलं. बायकोनं हलवून उठवलं तेव्हा पोरगी माझ्या काखेत सरकली होती. ती रात्र मी झोपलो नाही.

लोक म्हणतात की बाळाला बघताक्षणी बापाच्या मनात माया दाटून येते. माझ्या मनात भीती दाटून आली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या काचेतून मी जे बघत होतो, ते नळ्या लावलेलं काहीतरी होतं. ते माझं आहे हे मला माहीत होतं, वाटत नव्हतं. हे मी कुणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नंतर सांगितलं. कांगारूच्या पहिल्या तासात काही चमत्कार झाला असंही नाही. पाठ दुखली, लघवीला लागली. पण दहाव्या-बाराव्या तासाला कधीतरी मला तिच्या श्वासाची लय कळायला लागली. विसाव्या तासाला मी खोलीत आलो की ती मान वळवायला लागली, की मला तसं वाटायला लागलं, कोण जाणे. अशा स्पर्शानं बाळाच्या, आईच्या आणि बापाच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं असं मोजून दाखवलं आहे. माया आभाळातून पडते की तासातासानं साठते, यावर माझं मत आता पक्कं आहे.

बोगोटाच्या डॉक्टरांनी त्या पद्धतीनं वाढलेल्या मुलांना वीस वर्षांनी पुन्हा शोधून काढलं. ती मुलं शाळा कमी बुडवत होती, कमी आक्रमक होती, आणि त्यांची घरं जास्त जपणारी, जास्त माया करणारी होती. मला यातली घरांची गोष्ट मोठी वाटते. बाळाला छातीवर धरता धरता धरणारे बदलले.

माझ्या चुलतभावाकडे पुढच्या महिन्यात पाहुणा येतोय. पहिलंच बाळंतपण, बायको माहेरी अचलपूरला, तो इथे टेका नाक्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. परवा तो दुकानात एकटा असताना मी जाऊन बसलो आणि हे सगळं सांगितलं. "भाई, पंधरा दिवस सासरी राहू? दुकानाचं काय?" म्हणाला. दुकानाचं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. सकाळी त्याचा मेहुणा बसेल, संध्याकाळी सात ते नऊ मी. मोबाइलचं मला फार कळत नाही, पण स्क्रीन बदलायला शिकतोय. सासऱ्यांशी अब्बा बोलणार आहेत, तेवढं वजन त्यांच्या शब्दाला आहे.

निघताना त्यानं विचारलं, सोबत काय काय घेऊन जाऊ? मी म्हटलं, थर्मामीटर घे, खोबरेल तेलाची नवी बाटली घे, नखं कापून जा. आणि टी-शर्ट नेऊ नको, पुढून बटणं असलेले शर्ट ने, चार तरी.